रीच घसरला? पैसे देण्याआधी 'अकाउंट स्टेटस' बघा

कात्रजमध्ये घरून केक किंवा डबे विकणाऱ्यांसाठी इन्स्टाग्रामचा रीच घसरणे म्हणजे ऑर्डर कमी होणे. 'रीच परत आणून देतो' म्हणणाऱ्यांना मात्र पैसे किंवा पासवर्ड देऊ नका.

आधी सेटिंग्जमधील 'अकाउंट स्टेटस' उघडा. फॉलोअर नसलेल्यांना तुमच्या पोस्ट सुचवल्या जाऊ शकतात का, हे प्रोफेशनल खात्यांना तिथे मोफत दिसते. ही सोय डिसेंबर २०२२मध्ये आली. अडचणीची पोस्ट बदला, काढा किंवा फेरतपासणी मागा.

दुसऱ्यांचे रील्स जसेच्या तसे टाकता का? ३० दिवसांत १० किंवा अधिक वेळा असे केल्यास खाते सुचवले जात नाही, असे इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४मध्ये जाहीर केले. उचललेले रील्स थांबवा, स्वतःचे व्हिडिओ टाका आणि महिनाभर धीर धरा.