कॉलेजच्या खेळाडूंना पगार मिळावा का? अमेरिकेत पैसे वाटायला सुरुवात, नाशिकमध्ये प्रश्न मात्र वेगळाच

कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरात पहाटे पळणारी मुलं-मुली नाशिककरांना नवीन नाहीत. त्यातली बरीचशी त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, चांदवडकडच्या गावांतून शहरात आलेली असतात. सकाळी सराव, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव. आठवड्याचे तास मोजले तर हे जवळपास नोकरीइतकंच काम आहे. पण त्याचे पैसे मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंची तक्रारही वर्षानुवर्षं हीच होती. तिथे आता चित्र बदललं आहे. १ जुलै २०२५ पासून अमेरिकी विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले आहेत. मग आपल्याकडेही ते द्यावेत का? आणि द्यायचे तर कोणी?

अमेरिकेत नेमकं काय घडलं?

तिथल्या कॉलेज क्रीडा स्पर्धांचा कारभार 'एनसीएए' ही संघटना पाहते. खेळाडू हा आधी विद्यार्थी आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळते, तेवढं पुरे, अशी तिची जुनी भूमिका होती. पण याच विद्यार्थ्यांच्या जिवावर मोठी उलाढाल चालते. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा २०२५ ते २०३२ या आठ वर्षांचा करारच ८.८ अब्ज डॉलरचा आहे. प्रशिक्षकांना कोट्यवधींचा पगार आणि खेळाडूला वसतिगृहाची खोली, हा विरोधाभास अखेर कोर्टात पोहोचला.

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अल्स्टन' खटल्यात ९ विरुद्ध ० असा एकमुखी निकाल देत खेळाडूंच्या शिक्षणाशी निगडित लाभांवरची बंधनं बेकायदा ठरवली. लगेच पुढच्या महिन्यात खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी 'हाऊस' खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. त्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत. शिवाय या व्यवस्थेत सामील होणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये वाटता येते. तेव्हाच्या दराने हे साधारण पावणेदोनशे कोटी रुपये होतात.

'खरा खेळाडू पैशासाठी खेळत नाही' हा विचार किती महागात पडू शकतो, हे त्याआधी शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. जिम थॉर्प या मूळनिवासी अमेरिकी खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. शिकत असताना उन्हाळ्यात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळल्याचं उघड झालं आणि १९१३ मध्ये ती काढून घेतली गेली. ती परत देण्याचा निर्णय १९८२ मध्ये झाला, तेव्हा थॉर्प हयात नव्हते. घरची परिस्थिती चांगली असलेल्यालाच हौशी राहणं परवडतं, हा मुद्दा तेव्हाही होता.

मग नाशिकमध्ये का नाही?

सरळ उत्तर असं की इथे वाटायला गल्लाच नाही. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री पाहायला कोणी तिकीट काढत नाही आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचे हक्क घ्यायला वाहिन्यांची रांग लागत नाही. अमेरिकेतला वाद कमाईच्या वाट्याचा आहे, आपल्याकडचा रोजच्या खर्चाचा.

पण कॉलेजला खेळाडूकडून काहीच मिळत नाही, असंही नाही. नॅक मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी क्रीडा आणि सांस्कृतिक स्पर्धांत मिळवलेल्या पदकांची संख्या हा एक निकष असतो. प्रवेशाच्या हंगामात माहितीपुस्तिकेत आणि गेटवरच्या फ्लेक्सवर पदकविजेत्यांचे फोटो झळकतात. म्हणजे पदकाचा संस्थेला उपयोग आहे, फक्त तो रुपयांत मोजला जात नाही. दुसरीकडे फीच्या पावतीवर क्रीडा शुल्काची ओळ मात्र प्रत्येक विद्यार्थ्यासाठी असते, खेळणाऱ्यासाठी आणि न खेळणाऱ्यासाठीही.

एका धावपटूचा खर्च किती?

ढोबळ हिशेब करून पाहू. लांब पल्ल्याचा धावपटू आठवड्याला साधारण १०० किलोमीटर पळतो. धावण्याच्या बुटांचा जोड ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, असं मानलं जातं. म्हणजे साडेसहाशे किलोमीटरला एक जोड धरला, तरी वर्षाला आठ लागतात. जोडाची किंमत ६ हजार धरली, तर झाले ४८ हजार रुपये. दूध, अंडी, सुकामेवा, फळं अशा जास्तीच्या आहाराला दिवसाला २०० रुपये धरले, तर वर्षाचे ७३ हजार. एकूण १ लाख २१ हजार. यात खोलीभाडं नाही, फिजिओ नाही आणि स्पर्धेचा प्रवासही नाही.

ज्या घरात भात आणि नागलीच्या एका पिकावर वर्ष काढायचं असतं, तिथे हा आकडा काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

योगायोग असा की केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूला हातखर्च म्हणून वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये मिळतात. योजनेतली प्रतिखेळाडू मदत ६ लाख २८ हजारांची असली, तरी बाकीची रक्कम प्रशिक्षण, निवास, उपकरणं यांवर खर्च होते. तेव्हा हातखर्चाचा आकडा चुकीचा नाही. अडचण आहे ती किती जणांपर्यंत पोहोचतो याची. २०१७ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा उद्दिष्ट देशभरातून वर्षाला एक हजार खेळाडू निवडण्याचं होतं. विद्यापीठाच्या संघात आहे, पण राष्ट्रीय यादीत अजून नाही, अशा मुलामुलींना त्यात जागा नाही. आणि मदतीची सर्वाधिक गरज नेमकी याच टप्प्यावर असते, कारण पुढे जायचं की सोडायचं हे याच तीन-चार वर्षांत ठरतं.

पैसा आधी की पदक आधी?

आपल्या व्यवस्थेचा क्रम ठरलेला आहे. आधी पदक, मग पैसा.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य आलं, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने विद्यार्थिदशेतच २०१७ च्या तैपेई जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं. याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आधी सैन्यात भरती झाला. नौकानयन त्याने तिथे गेल्यावर सुरू केलं आणि २०१६ चं रिओ ऑलिंपिक गाठलं. त्याच्या बाबतीत क्रम उलटा होता. पगार आधी सुरू झाला आणि खेळ नंतर.

त्याही मागे जायचं तर खाशाबा जाधव आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण ऑलिंपिकला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी प्राचार्यांना घर गहाण ठेवावं लागतं, यात व्यवस्थेचं कौतुक काहीच नाही.

अमेरिकेचं मॉडेल इथे चालेल?

जसंच्या तसं आणलं तर नाशिकचं नुकसानच होईल. तिथे ज्या खेळातून कमाई, त्या खेळाला पैसा, असं सूत्र आहे. त्यामुळे बहुतेक मोठ्या विद्यापीठांत सर्वात मोठा वाटा फुटबॉलला आणि त्याखालोखाल पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. आपल्याकडे हे सूत्र लावलं तर सगळे पैसे क्रिकेटकडे जातील. आयपीएलच्या २०२५ च्या महालिलावात सर्वात कमी मूळ किंमतच ३० लाख रुपये होती, त्यामुळे तिथपर्यंत पोहोचलेल्या कॉलेजवयीन मुलाला विद्यापीठाच्या पैशांची गरज नाही. नाशिकला ओळख मिळवून देणाऱ्या लांब पल्ल्याच्या मुलींना मात्र प्रेक्षकच नाहीत.

त्यामुळे इथे पगाराऐवजी विद्यावेतन हा शब्द जास्त जवळचा वाटतो. त्याचा नमुना शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही, सातपूर-अंबडला गेलं तरी पुरे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवारासाठी ते दरमहा किमान ९ हजार ठरवलं गेलं. तो अजून शिकतोय, म्हणून फुकट राबव, असं कायदा म्हणत नाही. मैदानावरच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व लागू का होऊ नये?

पैसे कुठून येतील, यालाही उत्तर आहे. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. क्रीडा शुल्क जमा होतंच. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम, असा साधा नियम करता येईल. फक्त ही रक्कम पदकाशी बांधू नये. पैसे पदकावर अवलंबून असले की खेळाडू दुखापत लपवतो. आजही रोख बक्षिसांसाठी हंगामात एकामागून एक रोड रेस पळणारे कितीतरी जण आहेत. त्यात थोडे पैसे सुटतात, पण ट्रॅकवरची वेळ सुधारायला शरीराला उसंत मिळत नाही.

धोके काय?

बोगस प्रमाणपत्रं हा पहिला धोका. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी महाराष्ट्रात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाली आहेत. दरमहा पैसे सुरू झाले की विद्यापीठ संघाच्या निवडीतही वशिल्याचा शिरकाव होऊ शकतो. निवड चाचणीची वेळ आणि क्रमवारी ऑनलाइन जाहीर करणं, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

दुसरा आक्षेप असा की पैशांमुळे मुलांचं अभ्यासावरून लक्ष उडेल. ते खिशात पैसे नसतानाही उडतंच. पदवीचं दुसरं वर्ष आलं की घरून नोकरीचा विषय निघतो आणि सर्वात जवळचा रस्ता पोलीस भरतीचा असतो. त्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. मग १० हजार मीटर पळणारी मुलगी लांब पल्ल्याचा सराव थांबवते आणि गोळा फेकायला शिकते.