पासवर्ड मागणारे प्रेम

प्रेमसंबंधातील ऑनलाइन पाळत म्हणजे जोडीदाराचे किंवा माजी जोडीदाराचे फोन, खाती आणि ठावठिकाणा यांवर नकळत किंवा मर्जीविरुद्ध लक्ष ठेवणे आणि नको म्हटल्यावरही संपर्क करत राहणे. कॉलेजच्या वयात तिची सुरुवात बहुधा नाते चालू असतानाच होते. ‘लास्ट सीन’ का बंद केलेस, रात्री एक वाजता ऑनलाइन कशी होतीस, त्या फोटोला लाइक कोणी केले, असे प्रश्न आधी येतात. मग विश्वासाची खूण म्हणून पासवर्ड मागितला जातो, लोकेशन कायमचे शेअर होते. त्या वेळी दोघेही याला काळजी समजतात, म्हणून धोका दिसत नाही.

नाते तुटते, पण ही दारे उघडीच राहतात. व्हॉट्सअ‍ॅप एका खात्याला चार अन्य उपकरणे जोडू देते. कधीतरी जोडलेल्या लॅपटॉपवर नवे मेसेज महिनोन्‌महिने उमटत राहू शकतात. ब्लॉक केले की बनावट खाती निघतात, मैत्रिणींकडून स्क्रीनशॉट मागवले जातात. विद्यापीठात हे अधिक जाचक होते, कारण वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहाचा रस्ता आणि वर्गाचा ग्रुप दोघांचा एकच असतो. माजी प्रेयसीचे प्रोफाइल एखाद्या वेळी चाळणे वेगळे. तिला भीती वाटू लागली, वेळापत्रक बदलावे लागले, की ती पाळतच.

२०१२च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेत पाठलाग आणि पाळत यांविरुद्ध ३५४-ड हे कलम आले. त्याच्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहेच. शिवाय तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हाही गुन्हा आहे, आणि त्यासाठी आधीच्या नकाराची अट कलमात घातलेली नाही. हा भाग फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो.

कलमाची एक उणीव मात्र खरी आहे: ते फक्त स्त्रीला संरक्षण देते. मुलीही पाळत ठेवतात, समलिंगी जोडप्यांतही हे घडते. अशा वेळी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क उपयोगी पडू शकते. कॉलेजमध्येही दाद मागता येते: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यावर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर, हा क्रम पाळावा. तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट जपावेत. मग जोडलेली उपकरणे काढून टाकावीत, पासवर्ड बदलावेत, लोकेशन बंद करावे. शक्य तर नकार एकदा लेखी आणि स्पष्ट द्यावा, वाद घालत बसू नये.

तरीही अनेक मुली गप्प राहतात, कारण घरी कळले तर शिक्षणच बंद होईल अशी धास्ती असते. म्हणून पालकांनी ‘पासवर्ड दिलासच कशाला’ हा प्रश्न बाजूला ठेवून तिच्यासोबत ठाण्यात जावे. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. सायबर मदतीचा क्रमांक १९३० आहे, आणि तातडीच्या धोक्यात ११२.