दिवेलागण आणि घर-अंगणाची स्वयंचलित दीपयोजना

'दिवेलागण' हा मराठीतील कालवाचक शब्द आहे. परंतु तो दर्शवितो तो काळ घड्याळाचा नव्हे. सूर्य मावळला आहे, वस्तूंच्या कडा पुसट होऊ लागल्या आहेत आणि घरात दिवा हवासा झाला आहे, अशी आकाशाची व घराची एक अवस्था त्याने सुचविली जाते. या शब्दाची घडणही लक्षणीय आहे. 'लावणे' या सकर्मक धातूपासून तो सिद्ध झालेला नाही; त्याच्या मुळाशी 'लागणे' हा अकर्मक धातू आहे. दिवे लागतात, ते कोण लावतो, याविषयी शब्द मौन पाळतो. काळाची ही अवस्थारूप कल्पना आणि कर्त्याचा हा अनुल्लेख, या दोन्ही गोष्टी स्वयंचलित दीपयोजनेचा विचार करताना उपयोगी पडतात.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारामुळे परिचित असलेले गाव. तेथील एखादे घर उदाहरणादाखल कल्पावे : पुढे ओसरी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे परसदार आणि परसदाराच्या टोकाशी न्हाणी व गोठा. या भागात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे पावणेसहा वाजता मावळतो, तर जुलैच्या आरंभी सुमारे ७ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे वर्षभरात दिवेलागणीची वेळ सव्वा तासाहून अधिक सरकते. अंगणातील दिव्याचा टायमर कायमचा सात वाजता लावून ठेवला, तर हिवाळ्यात तासाभराचा अंधार वाट्यास येतो. पावणेसहास लावला, तर पावसाळ्यात दिवा तासाहून अधिक काळ दिवसाउजेडी जळतो. सूर्यास्तानंतर संधिप्रकाश येथे वीस-पंचवीस मिनिटेच टिकतो. त्यामुळे ही चूक नुसत्या हिशेबाची राहत नाही. मण्यार रात्रीच वावरतो, आणि परसदाराची वाट अंधारात तुडविणारी व्यक्ती पुष्कळदा घरातील सर्वांत वृद्ध असते.

म्हणून यंत्राला घड्याळापेक्षा आकाश वाचावयास शिकविणे हे पहिले तत्त्व होय. ही कल्पना नवी नाही. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ साली दीपगृहांसाठी 'सूर्यझडप' सिद्ध केली. तिच्यातील काळा दांडा प्रकाश शोषून प्रसरण पावे आणि वायूचा प्रवाह बंद करी. अंधार होताच तो आकुंचन पावून दिवा पेटू देई. दीपगृहांच्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल त्यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हेच कार्य लहानसा प्रकाशसंवेदक करतो. मात्र तो बसविताना दोन पथ्ये पाळावी लागतात. ज्या दिव्याचे नियमन करावयाचे, त्याचाच उजेड संवेदकावर पडता कामा नये. अन्यथा दिवा लागतो, उजेड पाहून मालवतो आणि पुन्हा लागतो. तसेच संवेदकाने काही मिनिटे थांबून निर्णय घ्यावा. नाहीतर आषाढातील एखादा काळा ढग भर दुपारी दिवेलागण घडवून आणील. दुसरा मार्ग म्हणजे स्थळाचे अक्षांश-रेखांश देऊन रोजचा सूर्यास्त स्वतः काढणारा टायमर. त्यात घटाची सोय असावी. ती नसेल, तर वीज गेल्यावर त्याचे घड्याळ थांबते व पुढे मागेच राहते.

सांजवेळ सर्वांची एक असली, तरी येण्याजाण्याची वेळ एक नसते. मिरचीच्या तोडणीच्या दिवसांत माणसे घरी केव्हा परततील, हे आकाशावरून कळणार नाही. तेथे यंत्राने 'चाहूल' घ्यावी लागते. चाहूल घेणारा संवेदक शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या हालचालीने जागा होतो. वैशाखात रात्रीही हवा तापलेली असल्यास शरीर व हवा यांतील तपमानाचे अंतर घटते आणि त्याची संवेदनक्षमता मंदावते, हे ध्यानात ठेवावे. यावरून योजनेची विभागणी सहज ठरते : ओसरीचा दिवा आकाशानुसार, गोठ्याकडील व न्हाणीकडील वाट चाहुलीनुसार. उघड्यावरील दिवे पावसापासून सुरक्षित, पिवळसर प्रकाशाचे व खाली झाकलेले असावेत. झगझगीत पांढऱ्या उजेडावर किडे अधिक जमतात. किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप येऊ शकतो.

राहिला प्रश्न कर्त्याचा. 'दिवे लागले' या वाक्यात कर्ता दिसत नाही, म्हणून तो नव्हता असे नव्हे. काचा पुसणे, वाती करणे, तेल घालणे हे काम घरातील कोणीतरी, बहुधा स्त्री, रोज करीतच होती. भाषेने तिचा उल्लेख तेवढा गाळला. यंत्रामुळे ती रचना आता शब्दशः खरी होते, आणि तेथेच सावध राहावयास हवे. संवेदक बिघडतो, वीज जाते, घरातील आजारी माणसाला अवेळी उजेड किंवा अवेळी अंधार हवा असतो. यास्तव प्रत्येक स्वयंचलित दिव्यास हाताने चालणारे बटण असावे. ते उंबऱ्याजवळ, वृद्धांच्या व मुलांच्या हाती येईल अशा उंचीवर असावे, आणि यंत्राच्या निर्णयावर त्याचा अधिकार चालावा. तुळशीपुढील सांजवात या योजनेच्या बाहेरच ठेवणे उचित. वाट उजळणे हे तिचे प्रयोजन नाही; तेथे 'लागणे' पुरेसे नसते, कोणीतरी 'लावणे' हाच त्या कृतीचा अर्थ असतो. कोणते दिवे लागावेत आणि कोणते लावावेत, एवढा भेद आधी ठरविला, म्हणजे तारा कोठून न्यावयाच्या हे ठरविणे अवघड राहत नाही.