स्वस्त टॅबलेटमधली जागा कोण खाते?

टॅबलेटच्या किमतीवर ऑपरेटिंग सिस्टिमचा भार दोन बाजूंनी पडतो. एक परवान्याच्या पैशाचा, दुसरा तिने अडवलेल्या साठवणीचा. भारत सरकारच्या, विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटने पहिला भार टाळला, कारण अँड्रॉइडचा मूळ प्रोग्रॅम मुक्त आहे. २०११च्या पहिल्या ‘आकाश’मध्ये साठवण अवघी २ जीबी होती. पुढे मुंबईच्या आयआयटीने प्रकल्प हाती घेतला आणि नोव्हेंबर २०१२मध्ये आलेल्या ‘आकाश २’मध्ये ती ४ जीबी झाली.

एप्रिल २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टनेही नऊ इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोजचे परवाना शुल्क माफ केले. अडचण उरली ती जागेची. १६ जीबीच्या टॅबलेटवर विंडोज ८.१ बसावे म्हणून तिच्या फाइली एका गठ्ठ्यात दाबून ठेवल्या जात आणि तशाच वाचल्या जात. युक्ती चांगली, पण अपडेटच्या नव्या फाइली त्या गठ्ठ्याबाहेर साठत आणि वाचलेली जागा पुन्हा भरे. २०१९मध्ये विंडोज १०साठी नव्या उपकरणांना किमान ३२ जीबी साठवण आवश्यक ठरली.

मोठ्या अपडेटला जुन्या फाइली शाबूत ठेवून नव्यांसाठीही जागा लागते. मेमरी कार्डावर फोटो, व्हिडिओ, पुस्तके हलवता येतात. सिस्टिम मात्र आतल्या साठवणीतच राहते. म्हणून विद्यार्थ्यासाठी टॅबलेट घेताना खोक्यावरचा आकडा पुरेसा नाही. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडून मोकळी जागा दुकानातच पाहावी.