उंदीर पाठवणारी राजकुमारी

'प्रिन्स ऑफ पर्शिया' माहीत नाही असा कॉम्प्युटरवाला विरळाच! १९८९ चा हा गेम. वजीर जाफर राजकुमारीला सांगतो, लग्न कर नाहीतर मर. मुदत एक तास. मग आपण साठ मिनिटं धावायचं, उड्या मारायच्या, सुळ्यांवर पडून मरायचं. राजकुमारी काय करते? खोलीत वाट बघते. आठव्या लेव्हलला आपण दाराआड अडकलो की मात्र ती एक उंदीर पाठवते, तो बटणावर चढतो आणि दार उघडतं. अख्ख्या गेममध्ये तिची कामगिरी एवढीच. (तीही उंदराने केलेली!)

यामागे नुसती पुरुषी खोड आहे, असं मला वाटत नाही. 'डाँकी काँग' आला १९८१ साली, तेव्हा मेमरी जेमतेम काही किलोबाइट. गोष्ट एका चित्रात कळायला हवी: माकडाने बाई पळवली, चढ वर! पण पुढे मेमरी वाढली तरी गोष्ट तीच राहिली, तिथे ही सबब चालत नाही. १९९६ ला 'टूम्ब रेडर'ची लारा क्रॉफ्ट आली. पळणारी, गोळ्या झाडणारी, पण चर्चा तिच्या फिगरचीच. २०१३ च्या नव्या 'टूम्ब रेडर'ची कथा ऱ्हियाना प्रॅचेट या लेखिकेने लिहिली, त्यातली लारा घाबरते, थकते, माणूस वाटते.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' २०२० मध्ये आला. श्रुती घोष या त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी गेम पूर्ण झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या नामांकनात पोचला. राजी ही सर्कशीतली पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू राक्षस पळवतात आणि ती त्रिशूळ घेऊन महाबलासुराच्या मागे लागते. ओवाळणी घालून रक्षणाचा शब्द देणारा भाऊ इथे पळवला गेलाय! अर्थात साचा तोच, फक्त जागा बदलल्या. तरीही कोल्हासुराला मारणाऱ्या अंबाबाईच्या गावात ही गोष्ट परकी वाटत नाही.

मला खरा गेम दिसतो तो कावळा नाक्यावर, घोड्यावरच्या ताराराणींत. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी मराठ्यांची लढाई चालवली. किल्ले गेले, परत घेतले, फौजा पार माळव्या-गुजरातेत धाडल्या. म्हणजे लढणं कमी, ठरवणं जास्त.

आमचा प्रोजेक्ट यावरच करायचं ठरलंय. सध्या भांडण एवढंच, स्पेसबार दाबल्यावर राणीने काय करायचं? पोरं म्हणतात, तलवार. मी म्हणते, खलिता.