गार्चॉम्पला नुसता बर्फ पुरत नाही

‘समोर गार्चॉम्प आहे? मग आइस बीमवाला कुणीतरी घे, एका फटक्यात जाईल.’ पोकेमॉनच्या लढती नव्यानं खेळू लागलेल्या कुणाशीही बोला, पाच मिनिटांत हे वाक्य कानावर पडतंच. सांगणाऱ्याला तिळमात्र शंका नसते. वर पुस्ती असते, की प्रत्येक दांडग्या पोकेमॉनला एक ठरलेला उतारा असतो आणि तो पाठ असला की झालं.

तसं काहीही होत नाही. हा सल्ला मानून हरलेले लोक मग ‘गार्चॉम्पला उताराच नाही, गेम बिघडलाय’ म्हणून गळा काढतात, तेही तितकंच खोटं असतं.

आधी खरं काय ते मान्य करू. पोकेमॉनचे 18 प्रकार आहेत आणि कुठला प्रकार कुणाला किती लागतो याचा तक्ता आहे. गार्चॉम्प ड्रॅगनही आहे आणि ग्राउंडही. दोन्ही प्रकारांना बर्फ दुप्पट लागतो, म्हणून गार्चॉम्पला चौपट. तक्त्याशी माझं भांडण नाही. चौपट म्हणजे मरण, हा जो निष्कर्ष लोक परस्पर काढतात, त्याच्याशी आहे.

आकडेच मांडतो. अधिकृत सामन्यांत सगळे पोकेमॉन 50 व्या लेव्हलला आणले जातात. तिथं ज्याच्या एचपीवर आणि स्पेशल डिफेन्सवर काहीही खर्च केलेला नाही, अशा गार्चॉम्पचे एचपी 183 असतात. समोर आपली मिलोटिक, वॉटर प्रकारची, चिवट, आइस बीम शिकलेली. पोकेमॉनला तालमीचे गुण एकूण 510 च मिळतात आणि एका बाबीत जास्तीत जास्त 252 लावता येतात. म्हणजे दोनच बाबी पूर्ण भरता येतात. मिलोटिकला भिंत म्हणून उभं करायचं तर ते गुण एचपी आणि डिफेन्समध्ये जातात, हल्ल्याच्या वाट्याला काही उरत नाही. अशा मिलोटिकचा आइस बीम गार्चॉम्पला 156 ते 188 इतका लागतो. प्रत्येक हल्ल्याला 85 ते 100 टक्क्यांमधला एक आकडा चिठ्ठीसारखा निघतो, अशा 16 चिठ्ठ्या असतात. त्यांतल्या फक्त तीन चिठ्ठ्यांवर 183 ओलांडले जातात. चौपट मार बसूनही 16 पैकी 13 वेळा गार्चॉम्प उभाच राहतो.

आता त्याच्या हातात ‘याचे’ नावाची बेरी द्या. बर्फाचा पहिला जोरदार फटका ती निम्म्यावर आणते. 188 चे झाले 94.

आणि या सगळ्या वेळात गार्चॉम्प हातावर हात ठेवून बसलेला नसतो, हे सल्ला देणारे सोयीस्करपणे विसरतात. एकास एक लढतीत प्रत्यक्षात घडतं ते असं. गार्चॉम्प मैदानात दिसला, तुम्ही घाईनं मिलोटिक आत आणली. समोरच्याला ती येणार हे शेंबडं पोरही सांगेल इतकं उघड होतं, त्यामुळे त्यानं तेवढ्या वेळात स्वोर्ड्स डान्स करून अटॅक दुप्पट करून घेतला. पुढच्या टर्नला वेगात गार्चॉम्प सरस, अर्थक्वेक त्याचा आधी. डिफेन्स पूर्ण भरलेली, स्वभावही बचावाचा असलेली मिलोटिक 202 पैकी 144 ते 169 गमावते, पण तग धरते. आता तिचा आइस बीम. बेरी खाल्ली जाते, गार्चॉम्प निम्म्यावर येतो. तिसऱ्या टर्नला दुसरा अर्थक्वेक, आणि मिलोटिक खलास. तुमचा ‘उतारा’ मेला आहे आणि दुप्पट अटॅक घेतलेला गार्चॉम्प निम्म्या जिवानिशी तुमच्या उरलेल्यांकडे बघतो आहे.

हे नवं नाही. गार्चॉम्प आला 2006 मध्ये, डायमंड आणि पर्लमध्ये. 2008 मध्ये स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायानं त्याला नेहमीच्या लढतींतून काढून उबर्स या वरच्या गटात ढकललं. तेव्हा कुणाकडे बर्फाचा हल्ला नव्हता असं थोडंच आहे? जवळपास प्रत्येक संघात होता. पण गार्चॉम्पचा मूळ वेग 102 आणि त्या काळातल्या बऱ्याच नामांकितांचा नेमका 100. 50 व्या लेव्हलला हा फरक 169 विरुद्ध 167 इतकाच पडतो, पण आधी कोण मारणार हे ठरायला एक आकडाही पुरतो. शिवाय वाळूचं वादळ सुटलं असेल तर गार्चॉम्पच्या सँड व्हेल क्षमतेमुळे पाचातला एक हल्ला हुकायचा. बर्फ हुकला की सामना गेला.

2022 च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटनं तर तक्त्याचं पाठांतरच मोडीत काढलं. तिथं सामन्यात एकदा एका पोकेमॉनचा प्रकार टेरास्टल करून बदलता येतो. गार्चॉम्प स्टील झाला की बर्फ चौपटऐवजी निम्मा लागतो, म्हणजे होता त्याच्या एक अष्टमांश. वरच्या मिलोटिकचा 188 चा फटका 23 वर येतो. त्याचा अर्थक्वेक मात्र जसाच्या तसा.

मग करायचं काय? कुणी मारायचं याइतकंच कधी मारायचं हे ठरवावं लागतं. एखादा फलंदाज उसळत्या चेंडूला चाचरतो हे माहीत असलं म्हणून विकेट पडत नाही. तसा चेंडू टाकणारा गोलंदाज त्या षटकाला हाताशी असावा लागतो. खेळणारे यात दोन गोष्टी वेगळ्या धरतात. समोरचा मारत असताना आत येऊन, मार खाऊन, पुन्हा पुन्हा त्याला हरवू शकेल तो काउंटर. आपला एखादा गडी पडल्यावर फुकटात आत येण्याची संधी मिळाली तर हरवू शकेल तो चेक. बळकट पोकेमॉनला काउंटर क्वचित सापडतात. चेक मात्र ढिगानं असतात, आणि चांगले संघ त्यांच्यावरच उभे असतात.

वीव्हाइलचं उदाहरण घ्या. तिचा आइस शार्ड ताकदीनं किरकोळ, पण वेग न बघता आधी बसतो. अटॅक पूर्ण भरलेल्या वीव्हाइलचा आइस शार्ड गार्चॉम्पला 136 ते 168 लागतो. 183 वाल्या ताज्या गार्चॉम्पला तो मारू शकत नाही. पण आधीच्या झटापटीत 50 गेलेले असतील आणि बेरीही खाऊन झालेली असेल, तर वीव्हाइल आत आली की खेळ आटोपला. म्हणजे गार्चॉम्पला मारण्याचं काम वीव्हाइलच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं: त्याला खरचटवणं, बेरी खायला लावणं, टेरास्टल खर्ची पडायला लावणं. मिलोटिकसुद्धा या साखळीत एक कडी म्हणून उत्तम आहे. एकटीनं जिंकून देण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका, इतकंच.

याशिवाय बर्फाशी काडीचा संबंध नसलेले मार्ग आहेत आणि माझ्या मते तेच जास्त भरवशाचे. टॉन्ट केला की स्वोर्ड्स डान्स करताच येत नाही. हेझनं चढवलेला अटॅक पुसला जातो. डोन्डोझोची अनअवेअर क्षमता तो अटॅक चढलाय हे जमेसच धरत नाही. विल-ओ-विस्पनं भाजलं की शारीरिक हल्ल्यांचा जोर अर्ध्यावर येतो. गार्चॉम्प आउटरेजच्या भरात असेल तर दोन-तीन टर्न त्याला दुसरं काही करता येत नाही. तेव्हा एखादी फेअरी आत आणा, ड्रॅगनचा हल्ला तिला शून्य लागतो. फेअरी प्रकार 2013 च्या एक्स आणि वायमध्ये आला. त्याआधी ड्रॅगनचा मार कमी करून घेणारा प्रकार एकच होता, स्टील.

हा गैरसमज येतो कुठून, तेही सांगायला हवं. आपल्याकडच्या मोठ्या वर्गानं पोकेमॉन पाहिलं ते कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. त्यात ब्रॉकच्या ओनिक्ससमोर पिकाचूची वीज चालत नाही, मग आग विझवणारे फवारे सुरू होतात, ओनिक्स भिजतो आणि वीज लागते. गोष्ट म्हणून झकास! गेममध्ये मात्र ओनिक्सला वीज शून्य लागते, त्याला अरबी समुद्रात बुडवून काढलं तरी. दुसरा उगम पोकेमॉन गो. तो आपल्याकडे डिसेंबर 2016 मध्ये अधिकृतपणे आला आणि लोक रस्तोरस्ती फोन धरून फिरू लागले. त्यातल्या रेड लढतींत समोर यंत्र असतं. ते गडी बदलत नाही, डाव ओळखत नाही, त्यामुळे काउंटरची यादी बघून संघ भरला की काम होतं. त्याचं गणितही निराळं आहे. गोमध्ये जोरदार मार 1.6 पट असतो आणि ग्राउंडवाल्यालाही वीज 0.39 पट का होईना, पण लागते. तिथली सवय घेऊन लोक माणसाशी खेळायला येतात आणि आपटतात.

‘उतारा नाही’ ही तक्रार एकदा मात्र शंभर टक्के खरी होती. 1996 च्या पहिल्या गेममधला म्यूटू. सायकिक प्रकार, स्पेशल 154, वेग 130. सायकिकला भुतं भारी पडतात असं कार्टूननं दाखवलं, पण त्या गेममध्ये भुतांचा हल्ला सायकिकला चक्क शून्य लागायचा. शिवाय भुतं होती ती सगळी पॉयझन प्रकारचीही, म्हणजे म्यूटूचंच खाद्य. उरले बग प्रकारचे हल्ले, आणि तेव्हा ते अगदीच लिंबूटिंबू होते. डार्क आणि स्टील हे प्रकार 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये आल्यावर कुठे सायकिकची मिरास संपली.

बाकीच्या समजुती एकेका ओळीत उरकतो, कारण त्यांची तेवढीच लायकी आहे.

‘लेजंडरी असल्याशिवाय जिंकता येत नाही.’ नियम जेव्हा त्यांना मुभा देतात तेव्हा ते दोन्ही बाजूंना असतात, मग फायदा कुणाला? 2014 च्या वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से-जून पार्क जिंकला तो संघात पाचिरिसू घेऊन. त्या खारीच्या सगळ्या मूळ आकड्यांची बेरीज 405, म्यूटूची 680. पाचिरिसूचं काम होतं फॉलो मी करून हल्ले अंगावर ओढून घ्यायचे, म्हणजे जोडीदाराला मोकळीक. तेव्हा लगेच ‘पाचिरिसू भारी’ असंही ठरवू नका. तो त्या वर्षीच्या नियमांत, त्या सहांच्या संगतीत भारी होता.

‘आकडे मोठे तो श्रेष्ठ.’ स्लेकिंगची बेरीज 670 आहे आणि आळसापायी तो एक टर्न सोडून एक टर्न खेळतो.

‘चारही मूव्ह हल्ल्याच्याच हव्यात.’ जोडीच्या सामन्यांत प्रोटेक्ट, म्हणजे समोरचा हल्ला थोपवणारी मूव्ह, नसलेला संघ शोधून दाखवा.

‘शायनी जास्त ताकदवान असतो.’ रंग वेगळा, बस्स.

‘बंदी ही हरणाऱ्यांची रड आहे.’ पोकेमॉनला तात्पुरतं महाकाय करणाऱ्या डायनामॅक्सवर स्मोगॉननं सहा-सहाच्या एकेरी लढतींत 2019 मध्येच बंदी घातली, आणि अधिकृत जोडी-सामन्यांत तेच डायनामॅक्स राजरोस चालत होतं. जोडीत दोघे मिळून एकावर तुटून पडता येतं, प्रोटेक्ट करून टर्न खाता येतात. एकेरीत ती सोय तोकडी पडते. नियम खेळाच्या घडणीवरून ठरतात, कुणाच्या रडण्यावरून नाही.

‘शेवटी सगळा नशिबाचा खेळ.’ नशीब आहेच. 16 चिठ्ठ्या आहेत, 24 त एकदा क्रिटिकल फटकाही बसतो. तरी रे रिझो 2010, 2011 आणि 2012 अशी सलग तीन वर्षं जगज्जेता झाला. नशीब तीन वर्षं एकाच माणसाच्या घरी पाणी भरत नाही.

वर दिलेले मिलोटिकचे आणि वीव्हाइलचे आकडे माझ्या शब्दावर मानू नका. पोकेमॉन शोडाउन ब्राउझरवर फुकट खेळता येतं आणि मार मोजून देणारे कॅल्क्युलेटरही फुकट आहेत. गार्चॉम्प, बेरी, टेरास्टल, स्वभाव, सगळं घालून बघा. उत्तर वेगळं आलं तर खुशाल भांडायला या.