आइस्क्रीमचा रविवार, कुत्र्याचा पोळा

आपल्याकडे पोळ्याला बैलाला पूजा करून पुरणपोळी भरवतात. इथे ट्रॉयमध्ये बैल नाही, पण मुलांच्या हट्टापायी कुत्रा घरी येतोच. त्याचेही सण आहेत. जुलैचा तिसरा रविवार आइस्क्रीमचा. हा दिवस राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८४ साली प्रथम जाहीर केला. २६ ऑगस्ट हा २००४ पासून कुत्र्यांचा दिवस.

हे दिवस जरूर साजरे करावेत. मात्र भरवण्याची आपली हौस कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. म्हणजे बेदाणे घातलेला शिराही नको. बिनसाखरेच्या आइस्क्रीममध्ये झायलिटॉल असेल तर त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मी बिया आणि साल काढलेली कलिंगडाची फोड देतो.

खर्चाचेही पाहावे. आपल्या आरोग्यविम्यात पशुवैद्याचे बिल बसत नाही. प्राण्यांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात आधीपासूनचे दुखणे सहसा धरत नाहीत. म्हणून कुत्रा लहान असतानाच चौकशी करावी. मिशिगनमध्ये चार महिन्यांवरील कुत्र्याला परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस टोचलेली असावी लागते.

कुत्र्याने भलते काही खाल्लेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब पशुवैद्याला फोन करा.